जेवढ्या भाषांत उत्तर, तेवढ्याच भाषांत जाहिरात

आपल्या शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या दुकानाचा फोन आता तुझ्या हातात आलाय, तेव्हा पहिली गोष्ट ऐक. किती भाषांत पोस्ट टाकता येतील ते मोजू नकोस, किती भाषांत उत्तर देता येईल ते मोज. पोस्ट काय, हल्ली मशीनसुद्धा मागशील त्या भाषेत लिहून देतं. पण ती तेलुगू पोस्ट वाचून वरंगलच्या एखाद्या बाईनं रात्री साडेनऊला विचारलं, की चटणी किती तिखट आहे, लहान मुलं खातील का, तर तिला तिच्याच भाषेत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तर गेलं पाहिजे. जाणार नसेल, तर ती पोस्ट टाकूच नकोस. जाहिरात तेलुगूत करायची आणि प्रश्न आला की इंग्रजीत ‘प्लीज कॉल’ म्हणून मोकळं व्हायचं, यानं गिऱ्हाईक मिळत नाही, उलट दुखावतं. अशी बाई पुन्हा विचारत नाही, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर आपल्याबद्दल काय सांगते ते आपल्याला कधी कळतही नाही.

सोलापुरात वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागू नये खरं तर. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच बाजारात कानावर पडतात. मागाच्या धंद्यात आलेली पद्मशाली घरं पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतात. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हा बाराव्या शतकातला कन्नड वचनकार, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला सीमेपलीकडून किती माणूस लोटतं ते तू बघतच आलीस. आपल्या जुन्या दुकानदारांची शाळा फार झालेली नव्हती, पण समोरच्यानं तोंड उघडलं की हे त्याच्या भाषेत सुरू व्हायचे. आणि नीट आठवलंस तर लक्षात येईल, ते काही मराठीतलं बोलणं कन्नडमध्ये फिरवून सांगत नव्हते. कन्नड बाईशी वेगळ्या गोष्टी बोलायचे, तेलुगू बाईशी वेगळ्या. माल तोच, पण एकीशी सुरुवात भावानं, दुसरीशी मुलीच्या लग्नानं. तुला फोनवर हेच करायचंय.

भाषा एकेक करून उघड. सगळ्या एकदम नकोत. तुझा भाऊ कागद घेऊन बसेल, त्याला आकडे फार आवडतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, तेलुगू सांगणारे ८ कोटी ११ लाख, म्हणजे बाजार एका फटक्यात दुप्पट, असा हिशेब तो मांडेल. त्याला सांग, त्या ८ कोटींना कडक भाकरी नकोय. कोणाच्या ताटात आपला पदार्थ आधीपासून आहे आणि कोणाला तो नव्यानं सांगावा लागेल, यावर भाषा ठरते.

विजयपूर, बागलकोट, कलबुर्गीकडं शेंगा चटणी आणि कडक भाकरी घरोघरी असते. तिथं पदार्थ समजावत बसू नकोस, आपलीच का घ्यायची तेवढं सांग: ज्वारी मंगळवेढ्याची, चटणी कांडलेली, दळलेली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते तिकडच्या जाणत्या बाईला बरोबर कळतं. तेलंगणातही ज्वारीची भाकरी खातात, जोन्न रोट्टे म्हणतात, पण वाळवून कडक केलेली, डब्यात ठेवून पुरवून खायची भाकरी अनेकांना नवी असते. त्यांना ती कशी खायची ते दाखवावं लागतं: आमटीत चुरून, दह्यात भिजवून, नाहीतर नुसती तेल-चटणीबरोबर. किनारपट्टीच्या आंध्रात मात्र सगळा भाताचा कारभार. तिथं भाकरी मागं ठेव आणि चटणी पुढं कर, कारण गरम भातावर तूप घालून कोरडी पोडी कालवून खाणं ही त्यांची सवयीची गोष्ट. बघ, भाषा एकच तेलुगू, पण रील दोन झाल्या. हैदराबादची आणखी वेगळी तऱ्हा. तिथं तेलुगू आहे, दखनी उर्दू आहे, आणि आपली मराठी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दखनी बोलीतली एखादी रील केलीस तर ती हैदराबाद, बीदर, कलबुर्गी आणि आपलं सोलापूर अशी चारही ठिकाणी चालेल, आणि ती करायला तुला मशीन नको की मास्तर नको. चार गल्ल्या ओलांडल्यास की बोलणारं माणूस मिळेल.

पदार्थाचं नाव ठिकाणाप्रमाणं बदल. आपण शेंगा म्हणतो, पुण्यात शेंगदाणे. विजयपूरला शेंगा हिंडी म्हटलेलं कळतं, बंगळुरूला कडलेकायी म्हणावं लागतं. तेलंगणात पल्ली, आंध्राच्या किनाऱ्याकडं वेरुशेनग. आणि नुसतं ‘चटणी’ म्हटलंस की तिकडच्या माणसासमोर इडलीबरोबरची पातळ चटणी येते. कोरडी असेल तर पोडी म्हण. हिंदीत ‘मूंगफली की सूखी चटनी’ असं सरळ लिही, नाहीतर ते कोथिंबीर-पुदिना समजतात. लोक यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर ज्या शब्दानं शोधतात तो शब्द कॅप्शनमध्ये नसेल, तर रील कितीही देखणी असू दे, त्यांच्यापर्यंत पोचायला फार जड जातं. शब्द कसा शोधायचा? यूट्यूबच्या शोधपट्टीत पहिली दोन अक्षरं टाईप कर आणि खाली काय काय सुचवलं जातं ते बघ. फुकटचं ज्ञान आहे ते. आणि शब्द दोन्ही लिप्यांत घाल, त्यांच्या लिपीत आणि रोमनमध्ये. पुष्कळ माणसं वाचतात आपल्या लिपीत, पण टाईप करतात रोमनमध्ये.

आता बोलण्याची रीत. मशीनची कन्नड पुस्तकी येते. चूक नसते तिच्यात, पण विजयपूरच्या माणसाला ती सरकारी पत्रासारखी वाटते. तिकडं ‘बर्री’, ‘हेळ्री’, ‘तगोरी’ असा शेवटी ‘री’ आला की माणूस खुलतो. बंगळुरूत तोच ‘री’ गावाकडचा वाटतो, त्यामुळे तिथल्या पोस्टला जरा प्रमाण भाषा ठेव. तेलुगूत मोठ्या माणसाला ‘अंडी’ लावल्याशिवाय बोलू नये, ‘चेप्पंडी’ म्हणावं. गुजराती बाईला ‘बेन’, पुरुषाला ‘भाई’, आणि नाव माहीत असेल तर नावासकट. हिंदीचं मात्र मला आपल्याच लोकांना सांगावंसं वाटतं. आपण मराठी माणसं हिंदी बोलतो ती बाजारात खपते, लिहिलेली खपत नाही. ‘आप बताओ’ नको, ‘आप बताइए’ लिही. लखनौच्या बाईला पहिल्या ओळीत ‘तुम’ आलं की दुसरी ओळ ती वाचत नाही.

मजकूर कोणी का लिहून देईना, मशीन देवो की माणूस देवो, एक परीक्षा घेतल्याशिवाय टाकू नकोस. ती भाषा घरात बोलणाऱ्या बाईला तो मोठ्यानं वाचायला लाव आणि मग विचार, ‘तुला काय समजलं ते मला मराठीत सांग.’ मूळ मराठी तिला आधी दाखवायची नाही. ती वाचताना जिथं अडखळेल तो शब्द बदल. ती जे सांगेल त्यात भाव, वजन आणि ‘लसूण आहे’ एवढ्या तीन गोष्टी शाबूत आल्या तर पोस्ट टाक. आणि या कामाचे तिला पैसे दे. शेजारीण आहे, मैत्रीण आहे, म्हणून फुकट राबवायचं नाही. पैसे घेणारी बाई चुका मोकळेपणानं सांगते, उपकार करणारी ‘छान आहे’ म्हणते.

अक्षरांची भानगड थोडक्यात सांगते, कारण तू ती माझ्यापेक्षा लवकर शिकशील. छापखान्यात श्रीलिपीत वगैरे जुळवलेला मजकूर फेसबुकवर चिकटवलास तर कचरा दिसतो. तिथं युनिकोडच लागतं. फोटोवर अक्षरं बसवताना कन्नड-तेलुगूची खाली लोंबणारी जोडाक्षरं काही सॉफ्टवेअरमध्ये तुटतात. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग निवडावी लागते, नाहीतर आपल्या मराठीचीसुद्धा वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. या लिप्यांना उंची जास्त लागते, म्हणून मराठी ओळ जिथं बसली तिथं तेलुगू बसेलच असं धरू नकोस, जागा मोकळी ठेव. टाईप निवडताना मुंबईच्या ‘एक टाईप’वाल्यांनी केलेला बालू बघ. फुकट मिळतो, आणि तेलुगूत त्याचं नाव बालू तम्मुडु, कन्नडमध्ये बालू तम्मा, गुजरातीत बालू भाई, प्रत्येक लिपीत भाऊच. सगळ्या भाषांतल्या पोस्ट एकाच घरच्या दिसायला त्याचा उपयोग होतो. मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात का तेही तपास. हिंदी वळणाचा ‘ल’ बघितला की मला ते पाकीट परगावचं वाटतं. माझा हट्ट म्हण हवं तर, पण आपली पुष्कळ गिऱ्हाइकं माझ्या वयाची आहेत. किमतीचे आकडे मात्र सगळीकडं इंग्रजी ठेव. तुला हे लिहिताना मी मराठी आकडे काढतेय, पण वरंगलच्या बाईला देवनागरी ५ आणि ६ मधला फरक कळावा अशी अपेक्षा कशाला?

रील करताना मूळ चित्रीकरण कोरं ठेव. त्यावर अक्षर नको, त्यात बोलणं नको, फक्त उखळाचा आवाज, शेंगदाण्याला तेल सुटताना जवळून घेतलेलं चित्र, आणि भाकरी मोडल्याचा कडक आवाज. असं एकदा नीट घेतलंस की त्यावर हव्या त्या भाषेतला आवाज आणि अक्षरं चढवता येतात. चार भाषा एका कॅप्शनमध्ये एकाखाली एक कोंबायची पद्धत मला पसंत नाही. कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. कन्नड माणसानं पहिल्या दोन ओळी मराठी बघितल्या की तो खाली कशाला जाईल? एका पोस्टला एक भाषा, आणि ती पहिल्या शब्दापासून. यूट्यूबवर मात्र एक सोय चांगली आहे. व्हिडिओ एकच ठेवून शीर्षक आणि माहिती वेगवेगळ्या भाषांत भरता येते, बघणाऱ्याच्या भाषेप्रमाणं ती दिसते. सबटायटलही तसेच भाषेभाषेचे देता येतात. आपोआप आवाज बदलून देणारं डबिंगही आलंय. ते वापर, पण कोणाकडून तरी ऐकवून घेतल्याशिवाय नको. तो आवाज आपल्या दुकानाच्या नावानं बोलत असतो. मला विचारशील तर चटणीच्या रीलवर मशीनचा गुळगुळीत आवाज शोभत नाही. गल्लीतल्या बाईचा, थोडा अडखळणारा आवाज शोभतो.

पंचांगाकडं लक्ष दे. भाषेभाषेत खरा फरक पडतो तो इथं. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी, म्हणून एकच चित्र करून तीन भाषांत शुभेच्छा टाकायचा मोह होईल. पण तेलुगू-कन्नड घरात गुढी नसते. तेलुगूंकडं सहा चवींची उगादी पच्चडी असते, कन्नड घरात बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ. गुढीच्या चित्राखाली तेलुगू अक्षरं टाकलीस की बघणाऱ्याला लगेच कळतं, हे माझ्यासाठी केलेलं नाही. गुजरात्यांचं वर्ष तर दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, त्यांना चैत्रात नववर्षाच्या शुभेच्छा काय देणार!

श्रावण त्याहून महत्त्वाचा, कारण आपल्या चटणीत लसूण आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, गुजराती या सगळ्यांचा महिना अमावास्येला संपतो, हिंदी पट्ट्यातला पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. २०२५ मध्ये त्यांचा ११ जुलैला सुरू झाला, आपला २५ जुलैला. म्हणजे आपल्याकडं आषाढाचा शेवटचा पंधरवडा, लोक झणझणीत खायला आसुसलेले, त्यांना लसणाच्या चटणीची जाहिरात जोरात करायची. आणि त्याच दिवसांत हिंदी गिऱ्हाइकांना बिनलसणाची दाखवायची. उलट आपला श्रावण अर्ध्यावर आला की त्यांचा संपलेला असतो, तेव्हा त्यांना पुन्हा लसूण चालतो. हे एक गणित सांभाळलंस तर जुलै-ऑगस्टचा धंदा पडत नाही. बिनलसणाची बारमाही ठेव, जैन घरं ती वर्षभर मागतात, आणि जैन म्हणजे फक्त गुजराती-मारवाडी असं समजू नकोस. सांगली-कोल्हापूर आणि बेळगावकडं मराठी-कन्नड बोलणारी जैन घरं पुष्कळ आहेत. डिसेंबर-जानेवारीत वेळ अमावास्या येते. लातूर-धाराशिवकडं आणि सीमेपलीकडच्या कन्नड भागात शेतात जाऊन जेवायचा तो दिवस. भाकरी-चटणीच्या पोस्टला याहून चांगला मुहूर्त नाही, पण ती पोस्ट नागपूरला पाठवलीस तर कोणाला संदर्भ लागायचा नाही. बतुकम्मा तेलंगणाचा सण, किनाऱ्याकडच्या आंध्राची मोठी धामधूम संक्रांतीला. आणि हैदराबादच्या माणसाला चुकूनही ‘तुमच्या आंध्रात’ म्हणू नकोस. २०१४ पासून ती दोन राज्यं आहेत, आणि त्या फाळणीमागं दोन्हीकडच्या भावना आहेत. आपल्या जुन्या पिढीला सगळ्याच तेलुगू माणसांना आंध्राचे म्हणायची सवय आहे, मलासुद्धा. तू ती उचलू नकोस.

भावनांचा विषय निघालाच तर बेळगावचं सांगते. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीची माणसं काळा दिवस पाळतात. त्या दिवशी आपलं पान गप्प. लाल-पिवळा झेंडाही नको, काळी फीतही नको. १ मेच्या शुभेच्छा मराठी गिऱ्हाइकांपुरत्याच ठेव. कमेंटमध्ये कोणीतरी येऊन म्हणेल, ‘महाराष्ट्रात धंदा करता, मग कन्नडमध्ये पोस्ट कशाला?’ दुसरा म्हणेल, ‘कर्नाटकात माल विकता, मग मराठीत का?’ दोघांनाही उत्तर देऊ नकोस, आणि तिसऱ्या कोणी आपली बाजू घेऊन भांडण पेटवलं तर सरळ कमेंट बंद कर. ही माणसं चटणी घ्यायला आलेली नसतात. मला स्वतःला त्या वादात मत आहे, चांगलं ठाम आहे, पण ते दुकानाच्या पानावर मांडायचं नाही.

पैसे देऊन जाहिरात करशील तेव्हा फेसबुकच्या जाहिरातीत भाषा निवडायचा रकाना दिसेल. तिथं ‘मराठी’ निवडून खूश होऊ नकोस. तो रकाना मुख्यतः माणसानं ॲप कोणत्या भाषेत ठेवलंय त्यावर चालतो. आपल्या घरात बघ, सगळ्यांचे फोन इंग्रजीत. ‘मराठी’ निवडलंस की तुझे काका, तुझा भाऊ, तू स्वतः, सगळे गळालात. त्यापेक्षा भाषा मोकळी सोड आणि गाव निवड: विजयपुरासाठी कन्नड जाहिरात, करीमनगरसाठी तेलुगू. फक्त जिथं लोक गावाच्या भाषेपेक्षा वेगळी भाषा बोलतात, वडोदऱ्यातली नाहीतर इंदूरची मराठी घरं, तिथं मराठीत जाहिरात ठेवून बघ, आणि त्यांच्या मंडळांच्या ग्रुपमध्ये ओळखीनं शिर. पैशानं पोचण्यापेक्षा तिथं ओळख स्वस्त पडते.

व्हॉट्सॲपवर खरा धंदा होतो, बाकी सगळं तिथं आणण्यापुरतं. प्रत्येक भाषेच्या पोस्टखाली वेगळी लिंक दे. आपल्या नंबरची लिंक बनवता येते आणि त्यात आधीच लिहिलेला संदेश ठेवता येतो. कन्नड लिंक दाबली की गिऱ्हाइकाच्या फोनवर कन्नडमध्ये ‘मला शेंगा चटणीचा भाव हवा’ अशी ओळ तयार येते, त्यानं फक्त पाठवायचं. यानं दोन कामं होतात. टाईप करायचा कंटाळा असलेलं गिऱ्हाईक बोलतं होतं, आणि आपल्याला पहिल्याच संदेशावरून कळतं की हा माणूस कोणत्या भाषेचा आणि कोणत्या पोस्टवरून आला. लगेच त्याला बिझनेस ॲपमध्ये लेबल लाव: कन्नड, तेलुगू, हिंदी, आणि जैन असेल तर तेही. मग भाव, कुरियर खर्च, किती दिवस टिकते, तिखट किती, पैसे कसे पाठवायचे, या पाच प्रश्नांची उत्तरं प्रत्येक भाषेत तयार करून ‘क्विक रिप्लाय’मध्ये ठेव. रोजचे बहुतेक प्रश्न यातच येतात. उरलेल्यांसाठी येणारा संदेश मशीनकडून समजून घ्यायला हरकत नाही. समजून घेण्यात मशीन थोडं चुकलं तर फक्त आपल्याला कळतं, बोलण्यात चुकलं तर गिऱ्हाइकाला कळतं. अवघड प्रश्न असला की त्या भाषेच्या बाईकडून आवाजी संदेश पाठव. आवाजी संदेशावर गिऱ्हाईक जितका विश्वास ठेवतं तितका छापील अक्षरावर नाही.

ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो संदेश जातो. म्हणून पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी घाल, गिऱ्हाइकाच्या भाषेत: हा नंबर ‘सोलापूर चटणी’ म्हणून साठवा. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घालू नकोस, तिथं एकाचा नंबर शंभर जणांना दिसतो आणि बायकांना त्याचा फार त्रास होतो.

हे नंबर वहीतही उतरवून ठेव. हसू नकोस. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसकट ५९ ॲप बंद केली तेव्हा खेड्यापाड्यातल्या किती जणांची जमवलेली माणसं एका रात्रीत गेली. शेअरचॅटवाल्यांनी लगोलग मोज काढलं, लोक तिकडं गेले, पण जमलेली माणसं आपोआप मागं गेली नाहीत. भारतीय भाषांचंच म्हणून गाजलेलं कू २०२४ मध्ये बंद पडलं. ही सगळी पानं म्हणजे भाड्याचा गाळा आहे, मालक कधी कुलूप लावेल सांगता येत नाही. वहीतलं गिऱ्हाईक आपलं.

रील करणाऱ्या नामवंतांबद्दल फार बोलत नाही, तुला त्यांची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. एवढंच बघ, की त्यांच्या कमेंट कोणत्या भाषेत येतात. तेलुगू बोलणारी मुलगी सोलापूरचीच असेल आणि बघणारे सगळे महाराष्ट्रातले असतील, तर तिचा आपल्याला वरंगलला उपयोग नाही. कोणत्या शहरांतून लोक बघतात तो तक्ता तिच्याकडून मागून घे, इन्स्टाग्राम तो तिला दाखवतं. आणि पैसे किंवा फुकट माल दिला असेल तर ती जाहिरात आहे हे तिनं सांगितलंच पाहिजे. जाहिरात परिषदेचा २०२१ पासून तसा नियम आहे, आणि ते बघणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचं असतं.

पाकिटावरच्या मजकुराला मात्र हौस चालत नाही. खाद्यपदार्थाच्या लेबलवर सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते; कन्नड-तेलुगू त्याच्या जोडीला घाल, त्याच्या जागी नाही. अन्नसुरक्षा विभागाचा १४ आकडी नंबर आणि ‘शेंगदाणे आहेत’ ही ॲलर्जीची सूचना प्रत्येक पाकिटावर हवी. सूचना मी तर पोस्टमध्येही घालायला सांगेन, सगळ्या भाषांत. आणि एका भाषेत केलेला दावा दुसऱ्या भाषेत फुगू देऊ नकोस. मराठीत आपण ‘ज्वारी पचायला हलकी’ म्हणतो. लिहून देणारा उत्साही असला की कन्नडमध्ये त्याचं ‘साखर कमी होते’ करून ठेवतो. ती ओळ आपण लिहिली नाही असं म्हणून सुटका होत नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांचं शेवटी सांगते, कारण तुला तिथूनच सुरुवात करायचीय आणि मला ते सगळ्यात शेवटी हवंय. तिकडं खाद्यपदार्थ पाठवायचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे, त्यात सध्या पडू नकोस. पण न्यू जर्सीतली मुलगी पुण्यातल्या आईला आपली भाकरी पाठवू शकते, आणि पैसे तिकडून येतात. तिच्यासाठी पोस्ट मराठीतच कर, पण सोपी, आणि खाली दोन ओळी इंग्रजीत, कारण तिच्या मुलांना देवनागरी वाचता येईलच असं नाही आणि ऑर्डर बऱ्याचदा तीच मुलं टाकून देतात. आपल्या रात्रीचे ९ म्हणजे तिथं उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. ती तेव्हा कामावर असते. सकाळी साडेसहाला टाक, तिकडं आदल्या दिवशीची रात्र असते, जेवणं उरकून फोन हातात आलेला असतो. दुबईचं घड्याळ आपल्यामागं फक्त दीड तास, त्यांना आपली रात्रीची पोस्ट चालते.

तेव्हा दिवाळीपर्यंत फक्त मराठी आणि कन्नड. कन्नडचे पाच ‘क्विक रिप्लाय’ मी घरी कन्नड बोलणाऱ्या आपल्या काकूंकडून वाचून घेतलेत, त्यांनी दोन शब्द बदलले, ते तसेच ठेव. तेलुगू उगादीला उघडू, पण त्याआधी रात्री उत्तर द्यायला कोण बसणार त्या बाईचं नाव आणि तिचा महिन्याचा पगार मला सांग.